अमेरिकेतल्या कॉलेजात 'अर्ली' अर्ज टाकला तर स्कॉलरशिप पक्की असते का?

काळी माती (केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण विचारायला आमच्या गावात दुसरं कोणी नाही.

माझी पोरगी नवोदयात बारावीला आहे, सायन्स. दहावीला ९४.६ टक्के. सहावीपासून होस्टेलात, त्यामुळे घरी पाहुण्यासारखी येते अन् पाहुण्यासारखी जाते. या पोळ्याला आली तेव्हा मी बैलाच्या शिंगाला बेगड लावत होतो. तिथंच म्हणे, "बाबा, मले अमेरिकेत शिकाचं हाय. पर्यावरणाचं." म्हटलं, आधी झूल धर.

रात्री जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन बसली अन् सगळं समजावून सांगितलं. अर्धं कळलं. जे कळलं ते असं की, तिकडे काही कॉलेजं आपल्यासारख्याच्या लेकराचा जवळपास सगळा खर्च उचलतात, अन् लवकर अर्ज टाकायची तारीख १ नोव्हेंबर आहे. म्हणजे आमची सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) होते न होते तोवर.

आमचं सांगतो. पाच एकर कोरडवाहू. साडेतीन एकरात पराटी, बाकी तूर. मागच्या साली २१ क्विंटल कापूस झाला, गावातच व्यापाऱ्याला सात हजारानं दिला. खत, फवारणी, वेचाई काढून हातात काय राहिलं ते इथं लिहीत नाही, शेतकरी असाल तर तुम्हीच काढाल. बायको अंगणवाडीत मदतनीस आहे.

मागच्या आठवड्यात नागपूरला एका सल्ला देणाऱ्या ऑफिसात जाऊन आलो. एसी, काचेचं टेबल, पाण्याची सीलबंद बाटली. त्यांनी सांगितलं 'अर्ली डिसिजन' टाका, चान्स दुप्पट होतो, अन् मुलीचे टक्के नव्वदच्या वर आहेत म्हणून मेरिट स्कॉलरशिप पक्की. फी १ लाख ८० हजार, त्यातले २५ हजार आत्ता. एका कागदावर पोरीची, माझी अन् शाळेची सही लागते म्हणे. सहीचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. आतापर्यंत बँकेत जिथं बोट ठेवलं तिथं सही केली आहे, काय वाचून केली ते देवाला माहीत.

तर सांगा: लवकर अर्ज केला म्हणजे पैसे जास्त मिळतात का? अन् ही सही करायची का नाही?

---

संत्रानगरी

काका, नवोदयची मुलगी आहे तर जेईई, नीट नाहीतर सीईटी द्यायला लावा. चांगलं सरकारी कॉलेज मिळेल. अमेरिका वगैरे श्रीमंतांचे चोचले आहेत. उगाच पोरीला स्वप्न दाखवू नका.

---

काळी माती

स्वप्न मी नाही दाखवलं भाऊ, तिनं मला दाखवलं. सीईटीचा फॉर्म भरणारच आहे, ते सोडणार नाही.

---

मास्तरीणबाई (घाटंजी)

भाऊ, पहिले ते २५ हजार देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या मुलानं २०२४ मध्ये हा सगळा खेळ केला, आणि त्याच्यासोबत मीही, कारण दर दोन दिवसांनी त्याला कुठला ना कुठला कागद लागायचा. कॉमन ॲप नावाचा एकच ऑनलाइन अर्ज असतो, १ ऑगस्टला उघडतो, आणि त्यातून जास्तीत जास्त २० कॉलेजांना अर्ज जातो. तो भरायला १ लाख ८० हजार लागत नाहीत. माझ्या मुलानं तो अर्ज शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या इंटरनेटवर भरला.

आता 'अर्ली'. हा एक शब्द नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑफिसवाल्यांनी नेमका हाच फरक तुम्हाला सांगितला नाही. 'अर्ली ॲक्शन' म्हणजे लवकर अर्ज, लवकर निकाल, बंधन काही नाही. आलं तर आलं, मे महिन्याच्या १ तारखेपर्यंत विचार करा. 'अर्ली डिसिजन' म्हणजे लग्नाची सुपारी फोडणं. एकाच कॉलेजला टाकता येतं, आणि त्यांनी हो म्हटलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. तुमची, मुलीची आणि शाळेची सही मागतात ती याचसाठी. त्या सहीत पैशाची हमी कुठंच नसते.

मेरिटचं सांगते. आपल्याकडे मेरिट म्हटलं की बोर्डाची यादी आणि पेपरात हार घातलेला फोटो आठवतो. तिकडे नव्वदच्या वर म्हणजे मेरिट असं नाही. नववीपासूनचे सगळे मार्क, निबंध, शिक्षकांची पत्रं, पोरगं वर्गाबाहेर काय करतं, हे सगळं बघतात. आणि हे पक्कं लिहून ठेवा: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन धरून आयव्ही लीगची आठही विद्यापीठं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. एमआयटीही नाही. तिथे जो पैसा मिळतो तो फक्त घरची परिस्थिती बघून. मेरिट देणारी दुसरी विद्यापीठं आहेत, आणि तिथे मात्र लवकर अर्जाचा खरा फायदा असतो, कारण कित्येकांची मेरिटसाठीची शेवटची तारीख १ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबर असते. त्यानंतर अर्ज केला तर प्रवेश मिळेल, पण स्कॉलरशिपच्या ढिगात तुमचा कागदच जाणार नाही.

आता आमची फजिती. २०२४ साली १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. मुलगा म्हणत होता, अमेरिकेत रात्री बारा वाजतात तेव्हा आपली सकाळ उजाडलेली असते, भरपूर वेळ आहे. संध्याकाळी सहाला त्याला दिसलं की कॉमन ॲपची वेळ अर्ज भरणाऱ्याच्या गावची धरतात. म्हणजे घाटंजीचे रात्री ११ वाजून ५९ मिनिटं! आणि साडेसातला लाइट गेली. झेरॉक्सवाला दुकानात पूजा मांडून बसलेला. त्याच्या इन्व्हर्टरवर, लाह्या-बत्ताशांच्या बाजूला लॅपटॉप ठेवून, रात्री अकराला चौथा अर्ज गेला. लक्ष्मीला मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

डिसेंबरात एका कॉलेजचं पत्र आलं. 'अभिनंदन, तुम्हाला वर्षाला २२,००० डॉलर मेरिट स्कॉलरशिप.' चार वर्षं मिळून ८८,००० डॉलर. आम्ही रुपयांत हिशेब केला, तर पाऊण कोटीच्या आसपास. शाळेत पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी व्हॉट्सॲपवर टाकलं. चार दिवस मी हवेत होते. पाचव्या दिवशी माझा भाऊ आला, सोसायटीत सचिव आहे, त्यानं पत्र उलटून पाहिलं आणि एकच विचारलं, "ताई, एकूण किती आहे?" फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं धरून वर्षाचा खर्च ५८,००० डॉलर. म्हणजे उरले ३६,०००. तेव्हाच्या दरानं वर्षाला तीस लाखांच्या वर. दोघांचा पगार पूर्ण टाकला असता तरी भागलं नसतं. शेवटी कॉलेजला 'येत नाही' असं कळवलं. पेढे तर वाटून झाले होते.

तेव्हापासून कोणी मला स्कॉलरशिपचा आकडा सांगितला की मी तो ऐकत नाही, उरलेला विचारते. आणि हा उरलेला आकडा कागदावर दाखवावा लागतो. कॉलेज आय-२० नावाचा कागद देतं, तो मिळायला पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा लागतो, आणि व्हिसाच्या खिडकीतही तेच विचारतात. पुढच्या वर्षी कुठून तरी येतील, हे तिथे चालत नाही.

मुलगा आता बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठात आहे. तो अर्ज त्यानं रागारागात, बाजूला एक म्हणून टाकला होता. तिथे घरचं उत्पन्न बघून फी आणि होस्टेलमध्ये सूट देतात. आम्हाला जेवढं भरावं लागतं तेवढं माझ्या पगारात बसतं. सोनीपतचं अशोका विद्यापीठही गरज बघून मदत करतं, आणि तिथे एकाहून जास्त फेऱ्यांत अर्ज घेतात, त्यात पहिली फेरी धरलेली बरी. हे दोन्ही अर्ज मुलीकडून नक्की भरून घ्या, अमेरिकेचं काहीही होवो.

तेव्हा माझं म्हणणं, सही करू नका. 'अर्ली ॲक्शन' जिथे आहे तिथे टाका, पण बांधून घेऊ नका. ज्याला पैशाची तुलना करायची आहे त्यानं सुपारी आधी फोडू नये.

---

पुसदचा पोट्टा

मॅडमचं बहुतेक सगळं बरोबर, पण शेवटच्या गोष्टीवर माझं जमत नाही. मी 'अर्ली डिसिजन'नंच आलो आहे. बाबा एसटीत कंडक्टर. सध्या ओहायोत आहे, चारही बाजूंनी मका अन् सोयाबीन. पहिल्या आठवड्यात वाटलं दारव्ह्याच्या रोडवरच उतरलो, फक्त धुरे नाहीत.

काका, कॉलेजांचे दोन प्रकार धरा. काही कॉलेजं परदेशी पोरांचा अर्ज बघताना पैसे मागितले का नाही याकडे बघतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडोइन ही त्यातली. पण तिथे जगभरातून उड्या पडतात, एखाद्या जागेसाठी सगळा जीव टांगू नका. बाकीची बरीचशी कॉलेजं बघतात. त्यांची परदेशी पोरांसाठीची थैली ठरलेली असते अन् ती नोव्हेंबरात भरलेली असते, मार्चपर्यंत तळ दिसायला लागतो. अशा ठिकाणी, अन् ते कॉलेज 'तुमची जेवढी गरज तेवढी पूर्ण भरू' असं लिहून देत असेल तरच, 'अर्ली डिसिजन' आपल्यासारख्याच्या कामी येतं. त्यांनी दिलेले पैसे पुरले नाहीत तर नाही म्हणता येतं. कॉलेजं स्वतःच तसं लिहून ठेवतात, तुमच्या कॉलेजनं लिहिलं आहे का ते वाचून घ्या. माझा वर्षाचा खर्च ८४,००० डॉलर आहे, घरून ३,२०० जातात. अन् कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, मी जेवणघरात भांडी लावतो. आई अजून विचारते, घरी तर कधी ताट उचललं नाही.

मेरिटच्या जागी मात्र 'डिसिजन' टाकू नका, तिथे मॅडमचं शंभर टक्के खरं. मेरिटवाल्यांपैकी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं अलीकडे १ नोव्हेंबरची अट ठेवली होती, अशी नावं शोधून तारखा भिंतीवर लावा. प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या पानावर, परदेशी विद्यार्थ्यांच्या भागात वाचा. कित्येक मेरिट फक्त अमेरिकन पोरांसाठी असतात अन् ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

अजून एक, हे चुकलं की सगळं चुकलं. अर्जात 'आर्थिक मदत हवी का' असं विचारतात. चान्स वाढेल म्हणून 'नाही' लिहायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या ऑफिसातून उठून या. परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी नंतर मागताच येत नाही.

कागदांचं: सीएसएस प्रोफाइल नावाचा पैशाचा फॉर्म असतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर अन् पुढच्या प्रत्येकाला १६. काही कॉलेजं मागितलं तर माफीचा कोड देतात, काही त्याऐवजी फुकटचा साधा फॉर्म घेतात. ईमेल करून विचारा, लाजू नका. त्यात शेतीचा वेगळा भाग आहे. आपल्या पाच एकराची बाजारभावानं किंमत लिहिली की तिकडच्या माणसाला वाटतं हा तर जमीनदार. म्हणून सोबत एक पत्र लिहा की जमीन कोरडवाहू आहे, एकच पीक येतं, उत्पन्न एवढं, पीककर्ज एवढं, अन् शेतीच्या उत्पन्नावर आपल्या देशात आयकर नाही म्हणून रिटर्न भरलेलं नाही. सातबारा, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला अन् कापूस विकल्याची पट्टी लावा, इंग्रजी भाषांतरासकट.

---

मास्तरीणबाई

पोट्ट्या, तुझं पटलं. थैलीचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मदत मागणारे सगळे मोठे अर्ज जानेवारीत टाकले आणि मार्चमध्ये एका ओळीचे नकार आले.

भाऊ, उत्पन्नाच्या दाखल्याला उशीर करू नका. तलाठ्याचा अहवाल, मग सेतू, मग साहेब दौऱ्यावर. तीन वर्षांचा घ्या. आणि शाळेचं काम आजच सांगून ठेवा. कॉमन ॲपमध्ये 'काउन्सेलर', म्हणजे शाळेतला मार्गदर्शक, म्हणून एक माणूस लागतो. मुलाच्या शाळेत असं पद नव्हतं, प्राचार्यांचं नाव टाकलं. त्यांना आलेला ईमेल त्यांनी लॉटरी लागल्याचा समजून उडवला. मी स्वतः जाऊन त्यांच्या बाजूला बसले. नववीपासूनचे मार्क, शाळेची माहिती, दोन शिक्षकांची पत्रं, सगळं त्यांच्याकडूनच चढवावं लागतं. शिक्षकांना निदान तीन आठवडे द्या, नाहीतर 'शी इज अ गुड अँड ओबिडियंट गर्ल' एवढंच येतं.

---

संत्रानगरी

काका, माझ्या आधीच्या बोलण्याबद्दल सॉरी. एक विचारू? राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती असते ना, ती का नाही?

---

पुसदचा पोट्टा

समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, अन् ती एमएस अन् पीएचडीसाठी. केंद्राची नॅशनल ओव्हरसीजही तशीच. बारावीनंतर थेट जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. टाटांची जे. एन. एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण तीही पुढच्या शिक्षणासाठी अन् कर्जाच्या रूपात. म्हणून काकांच्या पोरीला आत्ता कॉलेजच्याच पैशावर जावं लागेल. पुढे एमएसला हे रस्ते उघडतात.

अन् काका, एकलव्य इंडिया फाउंडेशन आहे, बुलडाण्याच्या राजू केंद्रे यांनी यवतमाळात सुरू केलेलं. खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या पोरांना उच्च शिक्षणाच्या अर्जात मार्गदर्शन करतात. काचेच्या टेबलापेक्षा तिकडे आधी विचारा.

सॅट नावाच्या तिकडच्या प्रवेश परीक्षेचंही विचारून घ्या. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी ती परत सक्तीची केली आहे, कित्येक ठिकाणी अजून ऐच्छिक आहे. मी हैदराबादला जाऊन दिली होती. पांढरकवड्याहून तर तुम्हाला सरळ हायवे आहे.

---

काळी माती

चार दिवसांनी लिहितो आहे, मधात पावसानं पराटीत पाणी साचलं होतं.

नागपूरच्या ऑफिसातून तीन फोन आले. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "साहेब, स्कॉलरशिप सोडून उरते किती?" ते म्हणे, ते नंतर पाहू, लोन होते. म्हटलं, लोन माझ्याजवळ हाय, तेच विकत घ्या. मग फोन नाही आला.

पोरीशी रविवारी बोललो. नवोदयात फोनची वेळ ठरलेली असते, दहा मिनिटांत सगळं सांगावं लागलं. तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणे, तिनं आधीच एका वहीत १४ कॉलेजं लिहिली आहेत, पण रकाने दोनच होते, नाव अन् स्कॉलरशिप. आता तिसरा रकाना आखते म्हणे, 'उरलेले'. दोन कॉलेजं तिला 'गरज पूर्ण भरू' म्हणणारी सापडली आहेत, अन् त्यातलं एक मनात बसलं आहे. त्याची जानेवारीतही एक बांधील फेरी आहे म्हणे. पोट्ट्या, खरं आहे का हे?

---

पुसदचा पोट्टा

खरं आहे काका. 'अर्ली डिसिजन टू' म्हणतात. बऱ्याच कॉलेजांत जानेवारीच्या सुरुवातीला तारीख, फेब्रुवारीत निकाल. थैली नोव्हेंबरएवढी भरलेली नसते, पण कागद धड तयार होतात. नोव्हेंबरात अर्धवट कागद टाकण्यापेक्षा हे बरं. तोवर मेरिटवाल्या दोन-तीन ठिकाणी 'ॲक्शन' टाकून ठेवा, ते बंधन नाही. फक्त बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यात लागते, निबंध डिसेंबरातच संपवायला सांगा.

---

काळी माती

ठीक. मग नोव्हेंबरात बिनबंधनाचे तीन, बंगळुरू अन् सोनीपतचे दोन, अन् जानेवारीत सहीचा एक. सही करीन तेव्हा तिला बाजूला बसवून ओळ न् ओळ वाचून घेईन.

आज सेतूत गेलो होतो. दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्रात वार्षिक उत्पन्न लिहायला सांगितलं. पोरगा काउंटरवरून म्हणे, "काका, पन्नास हजार टाकून देऊ? सगळे तेच टाकतात." म्हटलं थांब, यावेळी बरोबर आकडा टाकायचा आहे, अन् खिशातून कापसाची पट्टी काढली. तलाठी बुधवारी येणार आहे.

मॅडम, ते 'गुड अँड ओबिडियंट'चं पोरीला सांगितलं. लय हसली. म्हणे तिच्या बायोलॉजीच्या सरांना ती गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यांची नोंदवही दाखवणार आहे, दोन सुट्ट्या आपल्या वावरात बसून मोजल्या होत्या तिनं. मला वाटलं होतं पोरगी टाइमपास करते.